रुमाल टाकलेली नावं

सरांना ‘ते’ हा शब्द चालत नसे.

“सर, ते चालत नाही,” असं कोणी म्हटलं की सर खडू खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि शांतपणे विचारत, “ते म्हंजे कोन?” मग कोणता प्रोग्रॅम, त्यातला कोणता भाग, चालत नाही म्हणजे सुरूच होत नाही की मध्येच थांबतो, हे सगळं नावानिशी सांगितल्याशिवाय ते जागचे हलत नसत. कॅन्टीनच्या मावशी एकदा त्यांना म्हणाल्या, “सर, तुमचे ते आले होते.” सरांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि ते म्हणजे कोण, हे शोधून काढेपर्यंत चहावर साय धरली.

आमचं कॉलेज बुलढाणा जिल्ह्यात तेव्हा नुकतंच निघालेलं. माळावर दोन लांब इमारती, मागे ज्वारीचं रान, आणि एस.टी.च्या फाट्यापासून आत चालत यावं लागे. एका इमारतीच्या टोकाला कॉम्प्युटरची खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि आत गेलं की धुळीपासून वाचवायला यंत्रांवर घातलेल्या हिरव्या गवसण्या आधी घडी घालून ठेवायच्या. तिथे सर आम्हाला सी नावाची भाषा शिकवत. प्रोग्रॅम लिहायची भाषा. पुण्याच्या एका कारखान्यात काही वर्षं हेच काम करून ते परत आले होते, मूळचे नांदुऱ्याकडचे, वडनेर भोलजीचे. शिकवताना इंग्रजी पुस्तक हातात आणि तोंडात वऱ्हाडी. पुण्यात राहून त्यांच्या बोलण्याला पुणं लागलं नव्हतं. पुण्याच्या कारखान्यातली कामाची शिस्त मात्र सगळी त्यांच्यासोबत आली होती.

नाव ही सरांच्या आयुष्यातली सगळ्यात गंभीर गोष्ट. आमच्या भागात घरटी एक गजानन असतो. आमच्या वर्गात तर गजाननांचा एक अख्खा बाकच भरला असता. पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली, “गजानन” म्हटल्यावर चारी कोपऱ्यांतून “हजर” आलं, तेव्हा त्यांनी हजेरीपट मिटला आणि सांगितलं की आजपासून या वर्गात कोणी नुसता गजानन नाही. ज्याने त्याने आपलं गाव लावायचं. माझ्या नावाच्याही आम्ही दोघी होतो. दिवाळी येईतो गजानन, संगीता, प्रकाश सगळे पुसले गेले आणि वर्गात नुसती गावं उरली. मी धाड गावची, म्हणून ‘धाड’ झाले. माझ्यामागे बसणारा एक उंच, तिरसट गजानन ‘रोहिणखेड’ झाला. सर फळ्याकडे तोंड करून म्हणत, “धाड, रोहिणखेडले सांग, बोलनं बंद कर,” आणि नवीन आलेल्या माणसाला वाटे की इथे भूगोल चालला आहे.

“आमच्या वडनेरले भोलजी काऊन लागते?” असं ते विचारत. “कारन दुसरंही वडनेर हाय. पत्र लिवणाऱ्याले दोन्ही मालूम नसतात. पोस्टमनले मालूम असतात. म्हून नाव ठेवतानी सोताचा इचार करू नका, पोस्टमनचा करा.”

या वेडाची मुळं कुठे होती, ते आम्हाला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. एका रविवारी सरांनी मला आणि रोहिणखेडला वडनेरला घरी बोलावलं होतं. सर आत प्रोग्रॅम तपासत बसले आणि काकूंनी ओट्यावर पोहे देता देता सगळी हकिगत सांगून टाकली. सरांना मुलगी पाहायला जायचं होतं पिंपळगाव देवीला. सोयरीक आणणाऱ्याने चिठ्ठीत नुसतं पिंपळगाव लिहिलं आणि खाली मुलीकडचं आडनाव. सर आणि त्यांचे मामा निघाले ते पिंपळगाव राजाला जाऊन उतरले. तिथेही त्याच आडनावाचं घर होतं, आणि त्या घरीही नेमकी त्याच दिवशी पाहुण्यांची वाट पाहणं चाललं होतं. यांना पाय धुवायला पाणी मिळालं, गादीवर बसवलं, मुलगी आली, पोहे आले. बोलता बोलता मुलीच्या वडिलांनी विचारलं की तुमच्या सिंधखेडच्या शेतात औंदा काय आहे. मामा म्हणाले, कोणतं सिंधखेड, आम्ही तर वडनेरचे. तेव्हा सगळा घोळ उघडा पडला.

“मामा तं उठलेच,” काकू म्हणाल्या. “घाम फुटला त्याइले. हे मात्र बसून राह्यले. म्हणले, गाव चुकलं, आडनाव चुकलं नाई, अन् पोरगी तं मुळीच चुकली नाई.”

सिंधखेडचे पाहुणे आले तोवर इथे सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. काकू हे सांगताना तोंडाला पदर लावून हसत होत्या. आतून सरांचा आवाज आला, “पिंपळगाव कोनतं ते सांगतलं का त्याइले? दोन्ही नावं पुरे सांग.”

सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे सारखी नावं ठेवावी लागतात. बेरीज कुठे ठेवायची त्या जागेला नाव, काम करणाऱ्या प्रत्येक तुकड्याला नाव. नवशिका माणूस सुचेल ते नाव ठेवतो. पण भाषा आपल्यासोबत स्वतःचे कितीतरी तयार तुकडे घेऊन येते, आणि त्यांचीही नावं असतात. काही नावं तर आज कोणाचीच नसतात, पण भाषेने ती पुढच्यासाठी राखून ठेवलेली असतात. नावाच्या सुरुवातीला आडवी रेघ असली तर ते आतल्या लोकांचं. एस-टी-आर या अक्षरांनी सुरू होणारी नावं राखीव. टी-ओ ने सुरू होणारी राखीव. पुस्तकात हे मागच्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं आणि जगातला कोणताही विद्यार्थी त्या पानापर्यंत जात नसे. सर आम्हाला त्या पानापासून शिकवायला लागले.

“मलकापूरची यष्टी लागली,” ते सांगत. “तुम्ही आत शिरले. सीट रिकामी दिसून राह्यली, पन तिच्यावर रुमाल हाय. खिडकीतून कोनीतरी टाकेल हाय. तुम्ही बसता का?”

मागून कोणीतरी म्हणे, बसतो.

“बस. बुलढान्यापर्यंत बसशील, मोताळ्यापर्यंतही बसशील. ज्याचा रुमाल हाय तो चढला की उठावं लागन. अन् तवा बाकीच्याही सीटा भरेल असतीन.”

ऐकायला हे गमतीचं होतं, पण सर त्याचे मार्क कापत. प्रोग्रॅम बरोबर, उत्तर बरोबर, आणि बेरीज करणाऱ्या तुकड्याला ‘टोटल’ नाव दिलं म्हणून लाल रेघ. टी-ओ ने सुरू होतं म्हणून. आम्ही म्हणायचो, सर, टोटलला टोटल नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? सर म्हणत, तुझ्या गावाचं अक्षर लाव आणि मग काय म्हणायचं ते म्हण. राखीव नावांची यादी भिंतीवर लावा, आम्ही पाठ करतो, असंही आम्ही सुचवून पाहिलं. यादी द्यायला त्यांनी साफ नकार दिला. यादी पाठ करणाऱ्याला यादीबाहेरचं नाव चावतं, असं त्यांचं म्हणणं. सवयच अशी हवी की प्रत्येक नावाला स्वतःची खूण लागलीच पाहिजे. शिवाय नावं पहिल्या सहा अक्षरांतच एकमेकांपासून वेगळी हवीत, कारण जुनी यंत्रं त्यापुढे बघतच नाहीत. “सातव्या अक्षरावर भरोसा ठेवू नका,” हे त्यांचं वाक्य पुढे कॉलेजभर कशालाही लावलं जाऊ लागलं. मेसच्या आमटीलासुद्धा.

मी एकदा त्यांच्याशी चांगलीच भांडले. प्रोग्रॅम चालतो आहे, उत्तर बरोबर येतं आहे, मग नावावरून मार्क का कापता, असं भर वर्गात विचारलं. आपल्या कॉम्प्युटरवर चालतं ना, मग झालं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “आपला कॉम्प्युटर म्हंजे जग नाई, धाड,” ते म्हणाले, आणि मार्क काही दिले नाहीत.

त्या शनिवारी मी घरी गेले. आमचं भाजीपाल्याचं शेत, बाबा धाडच्या बाजारासाठी वांगी भरत होते. मी रागारागाने सरांच्या तऱ्हा सांगितल्या. बाबांनी हातातली टोपली फिरवून तिला बांधलेली पिवळी चिंधी दाखवली. सगळ्यांची वांगी एकाच गाडीतून जातात, सगळ्यांच्या टोपल्या सारख्याच दिसतात, मग आपली ओळखायची कशी, एवढंच ते म्हणाले आणि कामाला लागले. मी रागावलेलीच राहिले. पण सोमवारी पहिल्यांदा माझ्या प्रोग्रॅमवर एकही लाल रेघ नव्हती.

सहामाही परीक्षेत अर्धा वर्ग सरांच्या विषयात गडगडला. त्यात संस्थेच्या एका संचालकांचा पुतण्या होता. त्याचा सगळा पेपर बरोबर होता, फक्त नावं राखीव होती, आणि सर्वांत ठळकपणे त्याने ‘टोटल’ वापरलं होतं. त्याचं नाव तेव्हापासून टोटल पडलं ते पडलंच. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. प्राचार्यांची खोली लाकडी पडदी टाकून केलेली, वर छतापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे बाहेर फी भरायला उभ्या असलेल्या आम्हाला सगळं ऐकू आलं.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. ते समजुतीच्या सुरात सांगत होते की विषय नवा आहे, जागा भरत नाहीत, संस्था हा वर्ग चालू ठेवायचा की नाही याचाच विचार करते आहे. अशात मुलं नापास झाली तर पुढच्या वर्षी कोण येईल? सरांची नेमणूक तात्पुरती होती. मार्क बदलले नाहीत तर वर्षअखेरीस ती पुढे चालवणं आपल्या हातात राहणार नाही, असं त्यांनी शेवटी स्पष्ट सांगितलं.

सर म्हणाले, “सर, त्याले मी आज उठवून राह्यलो. मी नाई उठवलं तं त्याले भर रस्त्यात कोनी उठवन, अन् तवा मी तिथं नसन.”

मार्क बदलले नाहीत. सर खोलीतून बाहेर आले, आम्हाला पाहून थांबले, आणि रोहिणखेडच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं आहे एवढं सांगून वर्गाकडे गेले. पण त्या दिवसापासून त्यांची सायकल पूर्वीसारखी घाईने येत नसे. वर्गात शिकवताना मध्येच ते खिडकीबाहेर ज्वारीकडे बघत राहत.

फेब्रुवारीत अमरावतीला विद्यापीठाची प्रोग्रॅमिंगची स्पर्धा होती. प्रत्येक कॉलेजचे दोघे. सरांनी मला आणि रोहिणखेडला निवडलं. का, तर आम्ही दोघं त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडतो. आम्ही ठरवलं की एस.टी.चा रस्ता सांगणारा प्रोग्रॅम करायचा. जिल्ह्यातलं कोणतंही गाव निघायचं म्हणून सांगा, कोणतंही पोचायचं म्हणून सांगा, कोणती गाडी धरायची, कुठे बदलायची, तिथे किती वाट पाहायची, हे तो सांगणार. मी दर शनिवारी बुलढाण्याला गाडी बदलत असे आणि रोहिणखेड मोताळ्याला, तेव्हा वाट पाहण्यातले आम्ही दोघंही तज्ज्ञ होतो. कंडक्टरांना विचारून विचारून गाड्यांच्या वेळा जमवल्या.

वाट पाहण्याच्या हिशेबाला मी ‘वेट’ नाव दिलं. दोन गावं जोडणाऱ्या तुकड्याला रोहिणखेडने ‘लिंक’ नाव दिलं. वेळेला ‘टाइम’. यापेक्षा साधी, सरळ नावं कोणती असणार? सरांनी सगळी खोडली. आमच्या यंत्रावर त्यातली काही चालत होती, तरी खोडली. माझ्या प्रत्येक नावापुढे धाडचं ‘धा’, त्याच्या प्रत्येक नावापुढे रोहिणखेडचं ‘रो’. त्यात आठवडा गेला. रोहिणखेड माझ्याजवळ कुरकुरला की आपण प्रोग्रॅम लिहितो आहोत की गावांच्या वेशींवर दगड रोवतो आहोत.

अमरावतीला आम्ही तिघं अकोल्यावरून एस.टी.ने गेलो. सभागृहाच्या दाराशीच सांगण्यात आलं की शिक्षकांनी बाहेर थांबायचं. सर मैदानात एका कडुनिंबाखाली पिशवी घेऊन बसले. जाताना त्यांनी शुभेच्छा वगैरे दिल्या नाहीत. म्हणाले, “घाई झाली तं हात थांबवा. नाव घाईत ठेवू नका.”

आत गेल्यावर परीक्षक बाईंनी जाहीर केलं की या वर्षी स्पर्धा विद्यापीठाच्या नव्या मोठ्या यंत्रावर होईल. एकच यंत्र, त्याला जोडलेले कितीतरी पडदे. भाषा सीच, पण कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा, तो वेगळा. आणलेले प्रोग्रॅम त्यावर चढवा आणि चालवून दाखवा, ही पहिली फेरी.

थोड्याच वेळात सभागृहाचा नूर बदलला. काहींना यंत्राने पहिल्याच ओळीला अडवलं, हे नाव आधीच दुसऱ्याचं आहे म्हणून. काहींचा प्रोग्रॅम सुरू झाला आणि मध्येच कोसळला. नव्या यंत्रासोबत आलेल्या तयार तुकड्यांत ‘लिंक’ होता, ‘टाइम’ होता, ‘वेट’सुद्धा होता. मोठ्या शहरांतली हुशार मुलं, प्रोग्रॅम आमच्यापेक्षा चांगले, आणि सगळी डोकं धरून बसलेली. आमचा प्रोग्रॅम चढला, आणि धाड ते शेगाव कसं जायचं ते त्याने एका दमात सांगितलं. रोहिणखेडने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही हसलो नाही. भीतीच वाटली, इतकं ते सरळ झालं होतं.

दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला विद्यापीठाने लिहिलेला एक तुकडा दिला गेला. तो आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा, आणि उत्तर तक्त्याच्या रूपात पडद्यावर मांडायचं. वेळ अपुरा होता. जोडणी बिनबोभाट झाली. तक्ता मांडायचा तुकडा मी लिहायला घेतला, बोटं पळत होती, आणि त्याला मी नाव दिलं ‘राइट’. राइट, म्हणजे लिही. यंत्राने काही तक्रार केली नाही. प्रोग्रॅम चालू केला.

पडदा कोरा राहिला. एक अक्षर उमटलं नाही. मग खाली एकच ओळ आली की प्रोग्रॅम कोसळला आहे.

पुन्हा चालवला. पुन्हा तेच. बाहेर निंबाखाली बसलेला माणूस डोळ्यांपुढे आला, आणि वर्षअखेरीस संपणारी त्याची नेमणूकही. मी प्रत्येक ओळ वाचली, प्रत्येक ओळ बरोबर होती. रोहिणखेड माझ्या खांद्यावरून बघत होता. मी चिडून म्हटलं की राइट बरोबर आहे, त्याला बोलावलंही बरोबर आहे, तरी ते काहीच लिहीत नाही.

“कोनाचं राइट?” रोहिणखेड म्हणाला.

त्याने हे सरांच्याच सुरात विचारलं होतं. चेष्टा नव्हती, त्याच्या तोंडून ते तसंच निघालं. आणि विचारताक्षणी आम्हा दोघांनाही कळलं.

पडद्यावर काही छापायचं तर भाषेचा एक तयार तुकडा असतो. तो स्वतः अक्षरं पडद्यापर्यंत नेत नाही, आत एका हमालाला हाक मारतो. या यंत्रावर त्या हमालाचं नाव होतं राइट. आता त्याने हाक मारली की माझा राइट धावत जात होता. माझ्या राइटला छापायचं होतं म्हणून तो पुन्हा छापणाऱ्यालाच हाक मारत होता, छापणारा पुन्हा राइटला. दोघं एकमेकांना हाका मारून मारून दमून पडत होते आणि अक्षर जिथल्या तिथे होतं.

मी नावापुढे ‘धा’ लावलं. एवढंच केलं. चालवला, आणि पडद्यावर ओळीमागून ओळ उतरत आली: गाडी, फाटा, वेळ, वाट पाहणं, पुढची गाडी. रोहिणखेडने टेबलावर हळूच थाप मारली.

शेजारच्या टेबलावर एका मोठ्या कॉलेजची दोन मुलं रडकुंडीला आली होती. पहिली फेरी त्यांनी कशीबशी निभावली होती, आता पडदा कोरा. मी वाकून पाहिलं. त्यांनी माहिती वाचून घेणाऱ्या तुकड्याला ‘रीड’ नाव दिलं होतं. स्पर्धा होती, मान्य. पण कोरा पडदा नुकताच पाहिला होता आणि तो मला दुसऱ्याचाही बघवेना. मी सांगितलं की नाव बदला, पुढे तुमच्या गावाचं अक्षर लावा. त्यांना ते काहीतरी खेड्यातलं वाटलं असावं. पण त्यांनी लावलं, आणि त्यांचा पडदा जिवंत झाला. मग पलीकडच्यांनी विचारलं. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. वेळ संपायच्या आत त्या सभागृहात वर्धा, यवतमाळ, अकोला अशा गावांची आद्याक्षरं नावांपुढे बसली होती आणि पडद्यांवर पडदे उजळत होते. परीक्षक बाई मध्ये उभ्या राहून हे बघत होत्या. आमच्या टेबलाशी येऊन त्यांनी आमचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

पहिला क्रमांक आमचा आला. ढाल रोहिणखेडच्या हातात होती, आणि मी पायऱ्या उतरून निंबाकडे पळत होते. सर उठून उभे राहिले. जिंकलो का, हे त्यांनी विचारलं नाही. ढाल दिसतच होती. मी एका श्वासात राइटची हकिगत सांगितली, दोघांच्या हाका, कोरा पडदा, आणि रोहिणखेड काय म्हणाला ते. सरांचा चेहरा आधी गंभीर झाला. मग खांदे हलायला लागले. सर हसत होते. वर्षभरात आम्ही त्यांना कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता ते पुन्हा निंबाच्या बुंध्याशी बसले, चष्मा काढून पुसायला लागले आणि म्हणाले, “छापणारा हाका मारून राह्यला, अन् धाडच धावून राह्यली.”

मागून परीक्षक बाई आल्या. त्यांनी सरांना नमस्कार केला आणि विचारलं की सगळ्या कॉलेजांच्या शिक्षकांसाठी उन्हाळ्यात दोन दिवस याच विषयावर बोलायला याल का? सर गोंधळले. एवढ्या मोठ्या बाईंसमोर कोणती भाषा बोलावी ते त्यांना सुचेना, म्हणून आपलीच बोलले. “येतो नं. काऊन नाई येनार?”

आम्ही जिंकल्याची तार सरांनी नाही, बाईंनीच कॉलेजला पाठवली. आमची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी फाट्यावर थांबली तेव्हा रस्त्यावर सगळं कॉलेज उभं होतं. ताशे वाजत होते. सगळ्यांत पुढे, गुलालाने माखलेला, गळ्यात ताशा अडकवून टोटल होता. त्यानेच गावातून ताशेवाले आणले होते, आणि एक ताशा त्यांच्याकडून मागून घेतला होता. प्राचार्य हार घेऊन पुढे आले. त्यांनी सगळ्यांसमोर, ताशे थांबवून सांगितलं की वर्ग चालू राहणार, संचालकांशी त्यांचं सकाळीच बोलणं झालं आहे, आणि सर इथून कुठे जाणार नाहीत. नेमणूक कायम करायचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने पुढे पाठवला आहे. सरांनी हार घालून घ्यायला मान वाकवली, ती बराच वेळ वर केली नाही.

टोटलने विचारलं, सर, आता तरी मार्क? सर म्हणाले, पेपर पुन्हा लिहून दे, नावं नीट ठेव, मग देतो. टोटलने मान डोलावली, ताशा दुसऱ्याच्या गळ्यात दिला आणि खाली वाकून सरांना उचललं. दुसऱ्या बाजूने रोहिणखेड होता. सर खांद्यांवर चढले आणि ताशे पुन्हा सुरू झाले.

“उतरवा बे,” सर म्हणत होते. “पोट्टेहो, पडीन मी, उतरवा.” त्यांची एक चप्पल पडली, ती काकूंनी उचलली. काकू वडनेरहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या, आणि पदर तोंडाला न लावता हसत होत्या. फाट्यापासून कॉलेजपर्यंतचा तो कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेल्या ज्वारीचं रान, आणि गुलाल उडत होता. उतरवा म्हणायचं सरांनी कुठे थांबवलं ते मला सांगता येणार नाही. पण आम्ही कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात वर होते आणि ताशाच्या ठेक्यावर ते खांद्यांवर बसल्या बसल्या नाचत होते.